'खाकी विकली गेली' असं स्टेटसला टाकलं आणि घरातलाच पोलीस दुखावला

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. वय 29, तालुक्याच्या गावात मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. मागच्या महिन्यात आमच्या मंडळाची मिरवणूक होती, सव्वादहाला पोलीस आले, डीजे बंद केला, मिक्सर जप्त, आणि अध्यक्षासकट पाच जणांवर गुन्हा. आठ दिवसांनी दुसऱ्या मंडळाची मिरवणूक निघाली, त्यांच्या पाठीशी आमदार, तर बारा वाजेपर्यंत डीजे चालू आणि पोलीस नुसते बाजूला उभे. मी विरोधी पक्षाचं काम करतो हे सगळ्यांना माहितीय. रागात स्टेटस टाकला, 'खाकी विकली गेली, भाव विचारा'. माझा आत्येभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, शेजारच्या तालुक्यात हवालदार आहे. त्याने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'तुमचं सरकार होतं तेव्हा हीच खाकी गोड लागत होती ना', आणि ग्रुप सोडला. आता आत्याचाही फोन येत नाही. बायको म्हणते माफी माग. पण मी खोटं काय बोललो? पोलीस पक्षपात करतात हे आख्ख्या गावाला दिसतंय. पुढच्या आठवड्यात शांतता कमिटीची मीटिंग आहे, तिथे बोलू का गप्प बसू?"

मित्रा, बायको बरोबर बोलतेय, माफी माग. पण नीट ऐक, माफी त्या वाक्याची मागायची, प्रश्नाची नाही. 'दोन मंडळांना दोन नियम का' हा तुझा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे आणि तो सोडू नकोस. 'विकली गेली' मात्र तू पुराव्याशिवाय लिहिलंस, आणि ते ज्याच्या अंगावर गेलं तो त्या रात्री तिथे नव्हताच, त्याचं पोलीस स्टेशनही वेगळं. दादाला फोन कर, मेसेज नको, आणि सरळ सांग की दादा, पैसे खाल्ले असं मी म्हणायला नको होतं, माझ्याकडे तसं काही नाहीये, तुला लागलं त्याचं वाईट वाटतंय. तिथेच थांब. 'पण तरीसुद्धा' म्हणून पुढचा मुद्दा त्याच फोनवर काढलास तर माफी वाया गेली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. सगळ्यात आधी एक गोष्ट तपास, जी माझ्या मते तू तपासलेली नाहीस. ध्वनिप्रदूषणाचे जे 2000 सालचे नियम आहेत त्यात रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, पण सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही वेळ रात्री 12 पर्यंत वाढवता येते, आणि ते दिवस कोणते याची यादी आपल्याकडे जिल्हाधिकारी जाहीर करतात. मग त्या दुसऱ्या मंडळाची मिरवणूक सवलतीच्या दिवशी होती का? तुमची नव्हती का? असं असेल तर पोलिसांनी दोन्ही वेळा वेळेचा नियमच पाळला आणि तुझा स्टेटस तेवढा चुकीचा ठरतो (आवाज किती होता हा मुद्दा तरीही उरतो, कारण सवलत वेळेची असते, आवाजाच्या मर्यादेची नसते). आणि दोन्ही दिवस यादीत नसतील तर मग तुझ्या हातात असा मुद्दा आहे की पीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना, उत्तर द्यावंच लागेल. यादी मिळवणं काही अवघड नाही, कलेक्टर ऑफिसमध्ये मिळते आणि पोलीस स्टेशनलाही असते.

हे आधी तपास म्हणतेय त्याला कारण आहे. आपण पोलिसांना बघतो ते बऱ्याचदा आपल्या बाजूने बघतो, आणि हे फक्त तुझं नाही, माणसाचंच असं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, 2012 ला तो प्रसिद्ध झाला. लोकांना एका निदर्शनाचा व्हिडिओ दाखवला, पोलीस निदर्शकांना हटवतायत असा. व्हिडिओ सगळ्यांना एकच, पण निम्म्या लोकांना सांगितलं हे गर्भपाताविरुद्धचे निदर्शक आहेत, निम्म्यांना सांगितलं हे सैन्यभरतीच्या ऑफिसबाहेर समलैंगिकांवरच्या बंदीविरुद्ध उभे आहेत. ज्यांना निदर्शक आपल्या विचारांचे वाटले त्यांना शांत निदर्शनं दिसली आणि पोलिसांनी विनाकारण दडपलं असं वाटलं, आणि ज्यांना ते समोरच्या गटाचे वाटले त्यांना त्याच व्हिडिओत रस्ता अडवणारे, अंगावर जाणारे लोक दिसले. खोटं कोणीच बोलत नव्हतं, खरंच तसं दिसत होतं. त्यामुळे 'आख्ख्या गावाला दिसतंय' हे माझ्यासाठी पुरेसं नाही. आख्खं गाव म्हणजे कोण? दुसऱ्या मंडळाच्या पोरांना विचारलंस तर ते सांगतील पोलीस आम्हालाच त्रास देतात, दोन वर्षांपूर्वी आमचाच डीजे उचलला होता.

पण म्हणून हा सगळा डोळ्यांचाच खेळ आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पोलिसांवर सत्तेचा दाब असतो हे खरं आहे आणि तो कुठून येतो हे समजून घेतलंस तर तुझा राग योग्य ठिकाणी जाईल. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी 1861 चा पोलीस कायदा केला, आणि त्याची रचनाच अशी होती की पोलिसांनी सरकारचं ऐकावं, लोकांना उत्तर द्यायची गरज नाही. आपल्या राज्याचा कायदा वेगळा, 1951 चा, पण हवा तीच. आणीबाणीत पोलीस कसे वापरले गेले हे बघून 1977 ला धर्मवीरा यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, त्याने 1979 ते 81 मध्ये आठ अहवाल दिले, तोवर सरकार बदललं आणि बहुतेक शिफारशी कागदावरच राहिल्या. मग प्रकाश सिंग नावाचे निवृत्त पोलीस महासंचालक 1996 ला सुप्रीम कोर्टात गेले आणि निकाल आला 22 सप्टेंबर 2006 ला, म्हणजे दहा वर्षांनी. त्यात कोर्टाने सांगितलं की पोलीस ठाण्याच्या प्रमुखापासून वरपर्यंत फील्डवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ करा, तपास आणि बंदोबस्त वेगळा करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण करा, आणखीही काही गोष्टी होत्या. महाराष्ट्राने 2014 ला कायद्यात दुरुस्ती करून यातलं बरंच कागदावर आणलं, पण जनहित आणि प्रशासकीय निकड असं कारण देऊन मुदतीआधी बदली करायची वाटही त्याच कायद्यात ठेवली. आता तूच बघ, ज्या पीआयची मुलं तालुक्याच्या शाळेत जातात, ज्याला माहितीय की एका फोनवर आपली बदली कुठेही होऊ शकते, तो आमदाराच्या मंडळाचा डीजे सव्वादहाला बंद करताना दहा वेळा विचार करेल. त्याने पैसे घेतलेले असतीलच असं नाही. त्याला बदलीची भीती पुरते. मला विचारशील तर पोलिसांच्या पक्षपाताचं मूळ बदलीच्या या अधिकारात आहे, आणि तो अधिकार कुठलाच पक्ष सोडायला तयार नाही, सत्तेत असताना तर नाहीच.

म्हणून दादाने जे लिहिलं ते तुला टोमणा वाटलं तरी मी तुझ्या जागी असते तर त्याला खरं उत्तर दिलं असतं. तुमचं सरकार असताना तुमच्या आंदोलनातल्या पोरांवरचे गुन्हे मागे घ्या म्हणून तुम्ही निवेदनं दिली होती का? दिली असणार, सगळे देतात, सरकार कुणाचंही असो. खटला मागे घ्यायची तरतूद कायद्यात आहे, आधी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 321 होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 360, सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतो. त्याचा इतका वापर व्हायला लागला की ऑगस्ट 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. आपल्या पोरांसाठी फोन झाला की ती मदत, आणि त्यांच्या पोरांसाठी झाला की पक्षपात, असं चालणार नाही ना. दादा वीस-बावीसचा असताना भरती झाला असेल, तेव्हापासून त्याने दोन्ही बाजूंचे फोन बघितलेत. त्याला राग येतो तो याचाच.

आणि इथे एक गोष्ट मला तुझ्या पत्राच्या बाहेर जाऊन लिहायचीच आहे. तुझ्या मंडळाच्या मागे निदान विरोधी पक्ष आहे, जिल्हाध्यक्ष पोलीस स्टेशनला जाऊन बसू शकतो, पेपरला बातमी येते. ज्यांच्या मागे कोणीच नाही त्यांच्याबाबतचा पूर्वग्रह हा खरा जीवघेणा विषय आहे. इंग्रजांनी 1871 ला गुन्हेगार जमाती कायदा करून आख्ख्या जमातींवर जन्मापासून शिक्का मारला, तो कायदा 1952 ला रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं ही सवय गेलीय का? मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींवर श्रीकृष्ण आयोगाने 1998 ला जो अहवाल दिला त्यात पोलिसांच्या मनात मुस्लिमांबद्दल पूर्वग्रह होता हे स्पष्ट नोंदवलंय. कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएस ही संशोधन संस्था, या दोघांनी 2019 ला 21 राज्यांतल्या जवळपास 12 हजार पोलिसांशी बोलून एक अहवाल काढला, त्यात साधारण निम्म्या पोलिसांनी मुस्लीम लोक गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता जास्त असते असं कमीजास्त प्रमाणात मान्य केलं. हे पोलिसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे. मग पोलीस पक्षपाती आहेत असं गावात बोलायचं तर हेही बोलायला लाग. पालावरचा पोरगा नुसत्या संशयावर उचलला तेव्हा तुझा स्टेटस काय होता हे एकदा स्वतःला विचार. मी तुला खिजवायला म्हणत नाहीये, मला मनापासून वाटतं की जो माणूस फक्त आपल्या मंडळासाठी न्याय मागतो त्याचं पोलीसही ऐकत नाहीत आणि लोकही नाहीत.

त्याच अहवालात दुसरीही बाजू आहे, दादाची. पोलीस सरासरी दिवसाला 14 तास काम करतात असं त्यात आलं. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला दुपारी दोनला उभा राहिलेला हवालदार रात्री एकला घरी जातो, मध्ये वडापाव मिळाला तर मिळाला, आणि डीजे बंद करायचा का नाही हे तो ठरवत नाही, वॉकीटॉकीवर वरून जे येईल ते करतो. बंद केला तर मंडळवाले शिव्या घालतात, नाही केला तर तुझ्यासारखे स्टेटस टाकतात. पुढे कधी दादाशी सावकाश बोलायला बसलास, आणि बसच, तर त्याला विचार की अशा वेळी तुझ्यावर काय प्रेशर असतं, तुला काय करावंसं वाटतं. वाद घालायला नको, माहिती घ्यायला विचार. पोलिसाला घरात असं कोणी विचारत नाही रे.

आता कामाचं. तुमच्यावर जो गुन्हा दाखल झालाय त्याची एफआयआर बहुतेक महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर सिटिझन पोर्टलला मिळेल, 2016 ला सुप्रीम कोर्टाने एफआयआर 24 तासांत अपलोड करायला सांगितलंय, संवेदनशील गुन्हे सोडून. ती वाच. कुठली कलमं लावलीत, वेळ काय लिहिलीय, आवाज मोजला होता का, मीटरचं रीडिंग आहे का, पंचनाम्यात पंच कोण आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर सहसा अटकेऐवजी बीएनएसएस 35(3) ची नोटीस येते, तशी आली असेल तर त्या तारखेला हजर राहा सगळेजण, 'आम्ही येत नाही, तुम्ही त्यांचे आहात' असली स्टाईल मारायला जाऊ नका, कारण नोटीस पाळली नाही की अटकेला कारण मिळतं आणि मग सोबत तुमचा मुद्दाही गेला. वकिलाला दाखवा.

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तुमच्या गुन्ह्याच्या तपासाची कागदं मागू नकोस, तपास चालू आहे म्हणून नाकारतील. तू फक्त एवढं माग: या वर्षात आपल्या पोलीस स्टेशन हद्दीत किती मिरवणुकांना परवाना दिला, प्रत्येक परवान्याच्या अटी-शर्तींची प्रत, कुठल्या तारखेला किती वेळ आवाज मोजला, आणि अटी मोडल्या म्हणून किती मंडळांवर कारवाई झाली. सगळ्या मंडळांचं माग, नुसतं त्या एकाचं नको. उत्तर आलं की तुला कळेल तुमच्यावर खरंच वेगळी वागणूक झाली का दरवर्षी पहिल्यावर कारवाई होते आणि नंतर ढिलं पडतं. दोन्हींत फरक आहे. पहिलं असेल तर एसपी साहेबांकडे (जिल्ह्याचे पोलीस प्रमुख) लेखी तक्रार द्यायची, दुसरं असेल तर शांतता कमिटीत मांडायचा मुद्दा आहे. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, पण ते कोठडीतली मारहाण, बेकायदा डांबून ठेवणं, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर असल्या गोष्टींसाठी, डीजेच्या भांडणासाठी तिकडे धावू नकोस.

आणि पुढच्या वेळी बारा वाजेपर्यंत दणदणाट चालू असेल तर व्हिडिओ काढत बसण्याआधी 112 ला फोन कर. कॉलची वेळेसकट नोंद होते, आणि तुझ्याकडे नंतर दाखवायला काहीतरी असतं. नाव सांगायची भीती वाटत असेल तर हेही माहिती असू दे की जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परत सांगितलंय, आवाजाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख विचारत न बसता पोलिसांनी कारवाई करायची. हे तुझ्या स्वतःच्या मंडळालाही लागू आहे बरं का, तुमच्या डीजेने कुणा म्हाताऱ्या माणसाला झोप लागली नाही आणि त्याने फोन केला असेल तर तो समोरच्या पक्षाचा माणूस नसतो.

शांतता कमिटीला जा आणि बोलच. बऱ्याच जणांना वाटतं ती चहा-बिस्किटाची मीटिंग असते, आणि बऱ्याच ठिकाणी तसं झालंयही, पण या गोष्टीत ताकद आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 ला भयंकर दंगली झालेल्या. 1988 ला तिथे डीसीपी (पोलीस उपायुक्त) म्हणून सुरेश खोपडे आले, त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यात दोन्ही समाजातली साधी माणसं घेतली, पुढारी नाही, आणि पोलिसांना त्यांच्यात नियमित बसायला लावलं. डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ला शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस तेच, गाव तेच, कायदा तोच होता. लोकांना पोलीस आपले वाटतात ते निकाल आपल्या बाजूने लागल्यामुळेच असं नाही, आपलं ऐकून घेतलं, सगळ्यांना एकच वागणूक दिली, कारण सांगितलं, याने जास्त फरक पडतो. टॉम टायलर नावाच्या अभ्यासकाने शिकागोच्या लोकांशी बोलून हेच दाखवलं होतं, की ज्यांना वागणूक न्याय्य वाटली ते मनासारखं झालं नाही तरी पोलिसांना मानतात.

मीटिंगमध्ये आमदाराचं नाव घेऊ नकोस, त्या मंडळाचंही नको. नाव घेतलं की सगळी मीटिंग पक्षाची होते आणि पीआय साहेबांना सुटायला मार्ग मिळतो. त्याऐवजी मीटिंगच्या आधी त्या दुसऱ्या मंडळाच्या एखाद्या समंजस पोराला भेट, आणि तुम्ही दोघं मिळून मागा: सगळ्या मंडळांना परवान्याच्या अटी सारख्या आणि लेखी, सवलतीच्या दिवसांची यादी पोलीस स्टेशनच्या बोर्डावर, वेळ संपली की पहिल्या दहा मिनिटांत मंडळाने स्वतः बंद करायचं, नाही केलं तर कोणाचंही असो मिक्सर जप्त, आणि सीझन संपल्यावर कोणावर काय कारवाई झाली ते याच कमिटीत वाचून दाखवायचं. तो पोरगा तयार झाला नाही तर एकटा माग. पीआय साहेबांनाही हे सोयीचं आहे, कारण कमिटीत सगळ्यांसमोर ठरलं की वरून फोन आल्यावर त्यांना सांगता येतं की साहेब, असं ठरलंय, माझ्या हातात नाही. शेवटी उठताना म्हण की याची इतिवृत्तात नोंद घ्या, आणि चार दिवसांनी पोलीस स्टेशनला जाऊन इतिवृत्ताची प्रत माग, तोंडी 'हो हो घेतली' ऐकून परत येऊ नकोस.